जनरेटरची ट्रॉली ओढताना पिकअप थरथरायची, त्याचा माग कसा काढला

आमचा धंदा नागपुरात जनरेटर भाड्यानं द्यायचा. लग्नाचे लॉन, हॉल, कधी बुटीबोरीत एखाद्या कंपनीचा शटडाऊन असला की तिकडं. पिकअपच्या मागं दोन चाकांची ट्रॉली, तिच्यावर ३० केव्हीएचा सायलेंट सेट, सगळं मिळून सव्वा टन. आधीचा सेट लहान होता तोवर गाडीची काही तक्रार नव्हती, नवा चढवला आणि हादरे सुरू झाले. तेही दोन जातीचे. सिग्नलवरून उठताना पहिल्या-दुसऱ्या गिअरात सीटखाली घर्रर्र असं व्हायचं आणि ३५ च्या वर गेलं की आपोआप गायब. मग हायवेला ६० च्या पुढं वेगळाच प्रकार, मागून कोणीतरी सारखं ढकलून राहिलं असं वाटायचं.

वाडीला ज्या मिस्त्रीकडं गाडी असते तो म्हणे, "भाऊ, चारही चाकं बॅलन्सिंग करून टाका, मंग पाहू." दुसऱ्यानं न चालवताच क्लच प्लेट सांगितली. आता दोघांचंही खरं असू शकते, पण असे एकेक पार्ट बदलत बसलं तर सीझनची कमाई गाडीच खाऊन टाकते. म्हणून मी म्हटलं आधी हे पाहू की हादरा कशाच्या फिरण्याबरोबर येते, पाना नंतर.

पहिली गोष्ट सोपी. ट्रॉली सोडली आणि डाल्याच्या अगदी मागच्या टोकाला सिमेंटच्या ५० किलोच्या चार बॅगा ठेवल्या, म्हणजे हुकावर पडते तेवढंच वजन. हिंगणा रोडला सिग्नलवरून गाडी उठवली तर सुरुवातीची घरघर जशीच्या तशी! आणि हायवेचा हादरा मात्र नाही. म्हणजे घरघर पिकअपची स्वतःची आहे, मागचं वजन फक्त ती बाहेर काढते. दुसऱ्याचा संबंध ट्रॉलीशी. एवढ्या एका फेरीत अर्धा गुंता सुटला, आणि खर्च शून्य, बॅगा तशाही कंपाउंडच्या कामासाठी आणलेल्याच होत्या.

हायवेच्या हादऱ्यासाठी आऊटर रिंग रोड धरला, पहाटे, कारण नंतर तिथं ट्रकांची रांग लागते. भाच्याला बाजूला बसवलं, फोनमध्ये व्हायब्रेशन मोजायचं फुकट अ‍ॅप टाकलं (सेकंदाला किती हादरे येतात ते दाखवते) आणि फोन सीटच्या लोखंडी पट्टीला टेपनं आवळून बांधला. हातात धरला तर हातच मोजला जातो, हे लक्षात ठेवा. ६५ ला गाडी न्यूट्रल केली, हादरा तसाच. एक गिअर खाली टाकून तेवढ्याच स्पीडला चालवली, तरी तसाच. म्हणजे इंजिन आणि क्लच दोन्ही सुटले, कारण इंजिनचं असतं तर आरपीएम बदलल्यावर हादऱ्याचा ठेकाही बदलला असता.

आता राहिली चाकं आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर मागच्या चाकांकडं नेणारा दांडा. इथं थोडं गणित आहे पण घाबरू नका. टायरवर खडूची खूण करा, लोड असतानाच गाडी एक पूर्ण चक्कर पुढं ढकला आणि टेपनं मोजा. माझ्या पिकअपचं चाक एका चकरीत २ मीटर १५ सेंटीमीटर जाते, ट्रॉलीचं चाक लहान, ते १ मीटर ८५. जीपीएसचे ६५ म्हणजे सेकंदाला १८ मीटर (गाडीच्या मीटरवर जाऊ नका, तो बहुतेक जास्तच दाखवते). म्हणून पिकअपचं चाक सेकंदाला साडेआठच्या जरा खाली फिरते, ट्रॉलीचं पावणेदहा, आणि शाफ्ट चाकाच्या चारपट म्हणजे ३४ च्या आसपास. भाचा फोन पाहून ओरडला, "मामा, दहाच्या जवळ येऊन राहिलं!" संपलं. ट्रॉलीचं चाक.

घरी आल्यावर ट्रॉली जॅकवर घेतली, विटेवर एक सळई टायरला जेमतेम लागेल अशी टेकवली आणि चाक हातानं फिरवलं. उजवं ठीक. डावं एका जागी सळईला घासून ढकलत होतं, तिथं पट्टा फुगला होता. अशा टायरला बॅलन्सिंग करून काही होत नाही, वजनं लावाल तरी गोल नाही ते गोल कसं होईल? साईडवर कोरलेले शेवटचे चार आकडे पाहिले तर २३१५, म्हणजे २०१५ चा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर होती, पण नागपूरच्या मे महिन्यात वर्षानुवर्षं उघड्यावर लोडखाली उभा टायर, नक्षी पाहून काय उपयोग. दोन्ही बदलले.

घरघरीचं काम जास्त खोल होतं. शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे सेंटर बेअरिंग रबरात टांगलेलं. पिटवर घेऊन पान्यानं उचकलं तर रबर चिरलेलं, शाफ्ट खाली वर खेळत होता. वरून मागचं वजन जास्त, कमानी दबलेल्या, त्यात गाडी उठवताना जोर लागला की डिफरन्शियलचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं) तोंड वर होते, मग क्रॉसचे, म्हणजे शाफ्टच्या सांध्यांचे अँगल एकमेकांना जुळत नाहीत आणि कापरं भरते. स्पीड आल्यावर जोर कमी होते म्हणून ते थांबतेही.

पण वजन जास्त का? कळमन्याला धर्मकाट्यावर नुसतं ट्रॉलीचं नाक, म्हणजे हुकाला अडकते ते पुढचं टोक, ठेवून पाहिलं: २१० किलो. पूर्ण ट्रॉली १२५०. नाकावर १० ते १५ टक्के असावं म्हणतात, इथं १७ च्या घरात. फॅब्रिकेशनवाल्यानं नवा सेट जुन्याच भोकांवर पुढं बसवला होता. नवीन भोकं पाडून सेट २० सेंटीमीटर मागं सरकवला, आता काटा १३५ दाखवते. याहून मागं नेऊ नका बाप्पा, नाक फार हलकं झालं की ट्रॉली हायवेवर डोलायला लागते, आणि ते हादऱ्यापेक्षा वाईट.

बेअरिंग बदलायला शाफ्ट काढला तेव्हा मी आधीच पांढऱ्या पेंटनं दोन्ही तुकड्यांवर सरळ रेघ मारून घेतली. मिस्त्री हसला, पण त्याचा पोट्टा परत बसवताना एक दात चुकवूनच घालत होता, रेघेमुळं दिसलं. तसं बसलं असतं तर नव्या बेअरिंगवर पुन्हा घरघर, आणि मग सगळे म्हणाले असते की पार्टच खराब निघाला.

नंतर भरलेली ट्रॉली घेऊन वर्धा रोडनं बुटीबोरीपर्यंत गेलो. सिग्नलवरून गुळगुळीत उठते, ६५-७० ला अ‍ॅपवरचा दहाजवळचा तो खांब जवळजवळ जमिनीला. हुकाच्या पिनीत थोडा खेळ आहे, ब्रेक मारला की एक ठक येते. जाडी पिन बनवायला टाकली आहे. आणि हो, स्टेपनीवरचा आकडाही तेव्हाच पाहिला, तीही त्याच वर्षीची निघाली.