काढलेला टप ठेवायचा कुठे?

आज साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये कापडी टपाच्या गाडीसाठी फायबरच्या हार्डटॉपचा, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या टणक टपाचा, भाव विचारला, तेव्हा मिस्त्रींनी मलाच विचारले, “पावसाळा सरल्यावर काढलेला टप ठेवणार कुठं, साहेब?”

मग त्यांनी मागच्या खिडकीचे प्लॅस्टिक बोटाने दाबून दाखवले. घडी पडते तिथे ते पांढुरके झाले होते आणि शिवणीतून महाबळेश्वरचा पाऊस झिरपल्याचा डाग अस्तरावर स्पष्ट दिसत होता.

हार्डटॉपने हे थांबेल. पण तो उतरवायला जोडीला माणूस लागतो, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, म्हणून आधी आरटीओत विचारणे भागच आहे.

हिवाळ्यात यवतेश्वरचा घाट उघड्या गाडीने चढण्याचे सुख मात्र सोडवत नाही. ज्यांनी हार्डटॉप बसवला, ते तो खरोखर काढतात का?