सही करण्याआधी वाचा रे!

आज फोंड्याच्या स्टुडिओत आमच्या घुमट आरती पथकाचं रेकॉर्डिंग झालं. घुमट आणि शामेळ ही मातीची चर्मवाद्यं, कासाळें म्हणजे झांजा, सगळं एकाच खोलीत. घुमटाचा खर्ज माइकात नीट उतरायला अर्धी सकाळ गेली, पण उतरला तेव्हा अंगावर काटा आला!

मग रेकॉर्ड कंपनीच्या कराराचा कागद आला. 'सर्व हक्क, कायमचे, जगभर.' पोरं पेन काढून तयार. मी थांबवलं.

पारंपरिक आरत्यांवर कुणाची मालकी नाही. पण आजचं ध्वनिमुद्रण ही वेगळी मालमत्ता आहे. तिचा हक्क निर्मात्याचा, प्रकाशनानंतर ६० वर्षं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा कलाकार म्हणून हक्क ५० वर्षांचा. शिवाय आमच्यातल्या एकानं दोन आरत्या स्वतः लिहून चाली लावल्यात. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो. करारात मुदत नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत. म्हणून तर 'कायमचे, जगभर' हे शब्द मुद्दाम घातलेले असतात.

गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेला. त्याच गोव्यातल्या पोरांनी आपला आवाज न वाचता देऊन टाकावा, हे मला सहन होत नाही.

कागद दुरुस्तीसाठी परत पाठवलाय. मुदत ठरावीक हवी, प्रत्येक वादकाचं नाव हवं. आयपीआरएसच्या (गीतकार-संगीतकारांची कॉपीराइट सोसायटी) सदस्यत्वाची माहिती असलेलं कुणी फोंडा-म्हार्दोळ भागात असेल तर कृपया कळवा, त्या पोराचा अर्ज भरायचाय.