उंदराच्या पोटातला बर्फ

९ ऑगस्ट २०२४. त्या दिवशी नागपंचमी होती आणि शुक्रवारही होता. सकाळी साडेसहाला धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिच्यामागे आई पुरणाची दिंडं उकडायला लावत होती. आमचं गाव शिराळा तालुक्यातलं. या दिवशी आमच्याकडे विळी-सुरी हातात घेत नाहीत, तवा चुलीवर चढत नाही, सगळं उकडून करायचं. आजी असताना वारुळाजवळ दुधाची वाटी आणि लाह्या ठेवायची. साप दूध पीत नाही, लाह्या तर मुळीच खात नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही. त्या वाटीत तिची जी माया होती ती मला कळत होती.

मी इंग्लंडच्या मिडलँड्स भागातल्या एका प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. आमच्याकडे कुत्री-मांजरं कमी. ससे, पोपट, कासवं, सरडे आणि साप जास्त. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे तिथले साप घरी पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. इथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या घरातच जन्मलेले कॉर्न स्नेक आणि रॉयल पायथन असे बिनविषारी साप दुकानात मिळतात, आणि त्यांचं खाणं फ्रीजरमध्ये मिळतं. गुलाबी, केसही न फुटलेल्या पिल्लांपासून मोठ्या घुशीएवढ्या उंदरापर्यंत, आकारवारीने पाकिटं.

लोक विचारतात, जिवंत का नाही देत? मी एका सापाची पाठ पाहिली आहे. मालकाने रात्री जिवंत उंदीर पेटीत सोडला, सापाला भूक नव्हती, आणि सकाळपर्यंत उंदराने त्याची पाठ बरगड्या दिसेपर्यंत कुरतडली होती. तेव्हापासून हा प्रश्न माझ्यापुरता संपला.

शुक्रवार म्हणजे भरती असलेल्या सापांना खायला घालायचा दिवस. आदल्या संध्याकाळी मी उंदीर झाकणाच्या डब्यात घालून वेगळ्या फ्रीजमध्ये काढून ठेवते. तो फ्रीज फक्त याच कामाचा. रात्रभरात बर्फ सावकाश सुटतो. सकाळी पहिलं काम, प्रत्येकाच्या पोटाला बोट लावून बघणं. वरून मऊ लागतो, पण पोटात खडा राहिलेला असू शकतो, आणि बोटाला तो कळतो. पूर्ण मऊ झाला की पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून, पंधरा मिनिटं कोमट पाण्यात. अंग ३८-४० अंशांवर आलं पाहिजे, म्हणजे जिवंत उंदराच्या अंगाएवढं. रॉयल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळगे असतात, त्यांनी त्याला उष्णता ‘दिसते’. थंड उंदीर त्याच्या लेखी उंदीरच नसतो. मग कोरडा करायचा, लांब चिमट्यात धरायचा, डोकं पुढे. मला हे काम आवडतं. कोणाला किळस वाटत असेल, मला तो स्वयंपाकच वाटतो, आणि तो नीट झाला पाहिजे.

अकराच्या सुमारास एक मुलगा आला. असेल एकोणीस-वीस वर्षांचा, गोदामात रात्रपाळी करणारा, डोळे तारवटलेले. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलेली रॉयल पायथन, मादी, वजन ११५० ग्रॅम. तिने तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा उंदीर ओकून टाकला होता. सापाचं ओकणं म्हणजे कुत्र्याच्या उलटीसारखं नव्हे. त्यात त्याची फार ताकद जाते, आणि ते पुन्हा पुन्हा झालं तर जिवावर बेतू शकतं.

त्याचा आवाज मी ओळखला. पहिल्यांदा ओकली तेव्हा त्याने फोन केला होता आणि तो मीच घेतला होता. पेटीतली गरम बाजू किती अंश? ३१. उंदीर सापाच्या अंगापेक्षा जाड होता का? नाही. खाल्ल्यावर हातात घेतलंस का? नाही, दोन दिवस हातही लावला नाही. सगळी उत्तरं बरोबर. मी त्याला दोन आठवडे उपास आणि मग निम्म्या आकाराचं खाणं सांगितलं होतं. त्याने अक्षरशः तसंच केलं होतं. तरी ती पुन्हा ओकली.

डॉक्टरांनी तिचं तोंड पाहिलं, पोट चाचपलं, अंगातलं पाणी थोडं कमी झालं होतं म्हणून सलाइन टोचलं, विष्ठेचा नमुना घेतला. आजाराची खूण हाताला लागत नव्हती. त्या लिहायला बसल्या आणि मी त्याला म्हटलं, "फ्रीजरचं दार उघडल्यापासून चिमट्यात धरेपर्यंत काय काय करतोस, ते सगळं सांग. काही गाळू नकोस."

"उंदीर वाडग्यात ठेवतो. केटल उकळतो. वर पाणी ओततो. वीस मिनिटं ठेवतो. मग पुसून देतो. ती लगेच झडप घालते."

झडप घालणारच. वरून तो गरम होता.

शब्दांनी समजावण्यापेक्षा दाखवलेलं बरं, असं मला वाटलं. मी मागे जाऊन फ्रीजरमधला एक उंदीर काढला, नव्वद ग्रॅमचा. स्टीलच्या भांड्यात ठेवून वरून उकळतं पाणी ओतलं आणि वीस मिनिटं लावली. काढून थर्मामीटर कातडीवर धरला : ४३. मग त्याच थर्मामीटरची सुई पोटात खुपसली. ती अर्ध्यातच अडली. जोर लावून आत गेली तेव्हा आकडा शून्याच्या खाली होता. मी त्याला म्हटलं, बोट लाव. त्याने हातमोजा घातला, पोट दाबलं आणि हात मागे घेतला.

"दगड आहे आत."

"तोच तिच्या पोटात जातो. तिला स्वतःच्या अंगची ऊब नाही. पेटीतल्या उबेवर तिचं पचन चालतं. आतून बर्फाचा गोळा असेल तर पचन सुरू होण्याआधीच मांस सडायला लागतं. मग ती ते बाहेर फेकते. वाचण्यासाठीच फेकते."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मीच तिला आजारी पाडलं." मी काही उत्तर दिलं नाही, कारण त्या क्षणी मला माझाच फोन आठवत होता. आकार विचारला, तापमान विचारलं. उंदीर कसा वितळवतोस, हे मी विचारलंच नव्हतं.

भांडं धुवायला उचललं आणि त्याच्या सांगण्यातला एक शब्द मनात अडकला. वाडगा.

"वाडगा कुठला असतो रे?"

"घरातलाच. निळा, प्लॅस्टिकचा. सीरियल खायचा. नंतर धुतो मी, साबणाने."

"आणि हे करतोस कुठे?"

"स्वयंपाकघरात. सिंकपाशी."

"घरात लहान कोण आहे?"

"बहिणीचा मुलगा, चार वर्षांचा. त्याला परवापासून बरं नाही. ताप आहे, पोट बिघडलंय. आज सकाळी रक्तही पडलं म्हणाली. खालची खानावळ खराब आहे, तिथलं काहीतरी..."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

साल्मोनेला म्हणजे पोट बिघडवणारा जिवाणू. फ्रीजरमध्ये तो मरत नाही. तो तिथे थांबून राहतो. केटलच्या पाण्यानेही त्याचा भरवसा देता येत नाही, कारण आतला भाग थंडच असतो, आणि तेच पाणी सिंकमध्ये, ओट्यावर, भांड्यांवर उडतं. इंग्लंडमध्ये २०१५ पासून सापांच्या फ्रोझन उंदरांशी जोडलेले साल्मोनेलाचे शेकडो रुग्ण सापडले होते, त्यांत लहान मुलं बरीच होती. २०२२ मध्ये त्या तपासातून लिथुआनियाहून येणाऱ्या मालाला अटकाव झाला, तेव्हा आमच्या भिंतीवर सूचनांचा कागद लागला होता : स्वयंपाकघरात वितळवू नका, मायक्रोवेव्ह नको, उकळतं पाणी नको, भांडी वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा. तो कागद त्या दिवशीही माझ्या डोक्याच्या वरच होता.

मी त्याला बहिणीला फोन लावायला सांगितला आणि फोन माझ्याकडे घेतला. मी माणसांची नर्स नाही, निदान करणं माझं काम नाही, हे आधी सांगितलं. मग म्हटलं, आत्ता १११ला, इथल्या आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, रक्त पडतंय हे पहिल्या वाक्यात सांगा, आणि घरात साप आहे, उंदीर स्वयंपाकघरात वितळवले जातात, हे दुसऱ्या वाक्यात. ती म्हणाली, पण त्याने सापाला कधी हातसुद्धा लावलेला नाही. मी म्हटलं, त्याच्या सीरियलच्या वाडग्याने लावलाय.

पलीकडे शांतता. मग ती रडायला लागली.

भाच्याला त्याच दुपारी दाखल केलं. सलाइन लावावं लागलं. काही दिवसांनी तपासणीत साल्मोनेला निघाला, स्थानिक आरोग्य खात्याचा फोन त्यांच्याकडे गेला, उरलेली पाकिटं तपासायला नेली. पोरगा आठवड्याभरात खेळायला लागला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या शुक्रवारी मात्र मी संध्याकाळपर्यंत हातच धूत होते, विनाकारण. घरी आल्यावर बहिणीने पाठवलेला दिंडांचा फोटो पाहिला आणि जेवण जाईना.

सोमवारी आमच्या माहितीच्या फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवल्या. खाणं कुठे वितळवता? कोणत्या भांड्यात? फोनवर बोलताना समोर राहावा म्हणून तो फॉर्म मी टेबलावर काचेखाली ठेवला आहे.

सापवाला मुलगा दोन आठवड्यांनी पुन्हा आला. घरात साप नको, असं त्याच्या आईने एकदा म्हटलं होतं, पण त्याने गॅरेजमध्ये छोटा फ्रीज घेतला, लाल झाकणाचा डबा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, तेव्हा आई तयार झाली. माझ्यासमोर करून बघायचंय, म्हणाला. चाळीस ग्रॅमचा छोटा उंदीर, आदल्या रात्रीपासून डब्यात. हातमोजे घातले. पिशवीला गाठ मारण्याआधी त्याने पोटाला बोट लावलं, डाव्या बाजूने, मग उजव्या, मग छातीशी.

"मऊ आहे," तो म्हणाला. "सगळीकडे."

कोमट पाणी, पंधरा मिनिटं. खोलीतला दिवा आम्ही मालवला. चिमटा पेटीत गेला. तिने जीभ काढली, डोकं हळूच मागे घेतलं, मानेचा इंग्रजी ‘एस’ झाला. आम्ही दोघंही श्वास धरून उभे होतो. मग तिने पकडलं, दोन वेढे घातले, आणि डोक्याकडून सावकाश गिळायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला : अजून पोटातच आहे.