जुनी भिंत, नवी भिंत आणि आमचं संमेलन

आमच्या चित्ररसिक मंडळाचं वार्षिक संमेलन कसं असतं असं कोणी विचारलं की मी एकदम दुपारच्या सत्रापासूनच सांगायला लागते. सकाळी स्वागत, प्रास्ताविक, अहवाल, हिशेबाला मंजुरी, पाहुण्यांचा परिचय, हे सगळं व्हावंच लागतं आणि दरवर्षी व्यवस्थित होतं, त्यात वेगळं काय लिहायचं. त्यानंतरच्या परिसंवादाचा विषय पण फिरून फिरून तोच, पारंपरिक चित्रकला श्रेष्ठ की आधुनिक. एका बाजूचे म्हणणार ही आधुनिक चित्रं तर शाळेतलं पोरगंही काढेल, दुसऱ्या बाजूचे म्हणणार कॅमेरा आल्यावर हुबेहूब काढण्यात उरलं काय, आणि मग कोणीतरी हात वर करून सांगणारच की आधुनिक चित्रांसाठी गाजलेल्या पिकासोनं पंधराव्या वर्षी 'सायन्स अँड चॅरिटी' हे अगदी वास्तववादी मोठं चित्र काढलं होतं, म्हणजे त्याला सगळं येत होतं बरं का. हे वाक्य मला खरंच आवडत नाही. 1897 सालच्या चित्राचं सर्टिफिकेट दाखवल्यावरच त्याची पुढची चित्रं आत घेणार का? ती त्यांच्या त्यांच्या पायावर उभी आहेत की.

मी वाट बघत असते ती दुपारच्या 'माझं एक चित्र'ची. सभासदानं यायचं, एकाच चित्राची मोठी प्रिंट लावायची आणि दहा मिनिटं त्या चित्राबद्दलच बोलायचं. चित्रकाराचा जन्म, शिक्षण, पुरस्कार नाही सांगायचे, हा नियम मी कार्यवाह असताना भांडून करून घेतलाय आणि त्याचा मला अभिमान आहे. प्रिंट हॉलच्या दोन भिंतींवर लागतात, डावीकडची जुनी भिंत म्हणजे पारंपरिक चित्रांची, उजवीकडची नवी म्हणजे आधुनिक चित्रांची. ही पद्धत कोणी सुरू केली ते आता कोणालाच सांगता येत नाही पण ती पडलीय खरी, आणि लोक पण आपापल्या भिंतीजवळच्या खुर्च्या धरून बसतात.

ड्रॉइंगचे सर कायम जुन्या भिंतीखाली पहिल्या रांगेत. त्यांचं चित्र ठरलेलं, सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप', हातात दिवा घेतलेली बाई. दरवर्षी तेच चित्र म्हणून काही जण कुरकुरतात पण सर दरवर्षी त्यातलं काहीतरी वेगळं दाखवतात आणि मी त्यासाठी त्यांच्या बाजूनं कमिटीत बोलते. एका वर्षी ते फक्त हातावर बोलले. ज्योतीसमोर धरलेला हात, बोटांच्या कडांमधून लालसर उजेड येतोय, आणि हे तैलरंगात नाही तर जलरंगात. सर म्हणाले, तैलरंगात उजेड वरून लावता येतो, चुकला तर खरवडून परत लावता येतो, जलरंगात उजेड म्हणजे खालचा कागद, तो सुरुवातीपासून जपत यायचं, एक वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एक हात, जास्त झाला की ज्योत विझली. इतकं बोलून सर प्रिंटकडे बघत नुसते उभे राहिले. त्यांचं ते बघणं बघायला मी दरवर्षी पुढे येऊन बसते. आणि हो, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे चित्र अजूनही कित्येक जण राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात, रविवर्मा 1906 मध्ये गेले आणि हे चित्र 1945-46 चं, चित्रात उभी आहे ती हळदणकरांची स्वतःची मुलगी. निदान आमच्या सभासदांनी तरी ही गल्लत करू नये, इतक्या वर्षांचं ऐकणं आहे.

भिंतींचा घोळ पहिल्यांदा झाला तो कॉलेजमधल्या एका मुलीमुळे. तिनं वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र आणलं होतं. शिडीवर चढलेल्या दादांनी विचारलं, ताई, कुठल्या भिंतीवर? जुन्या बाजूचे लगेच म्हणाले वारली म्हणजे आपली, इकडे लावा. ती म्हणाली थांबा, आधी बोलते मग ठरवा, आणि दादा बिचारे पूर्ण दहा मिनिटं प्रिंट दोन्ही हातांत धरून उभे राहिले. तिनं सांगितलं की वारली चित्रं आधी लग्नाच्या वेळी सवाष्णी बायका घराच्या भिंतीवर काढायच्या, गेरूवर तांदळाच्या पिठानं. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींनी पाड्यांवर कागद नेला आणि मशे, एक पुरुष, लग्नकार्य नसतानाही, मनाला येईल तेव्हा रोज काढत बसले. आणि मग ते जाळं दाखवलं, जवळजवळ सगळा कागद व्यापणारं, बारीक पांढऱ्या रेघांचं, डोळा एका रेघेवर ठेवला तर जाळं हलायलाच लागतं. ती म्हणाली यातली माणसं परंपरेतली आहेत पण हे जाळं एकट्या मशेंचं आहे, सांगा आता कुठे लावू. हॉलमध्ये एक आवाज नाही. शेवटी प्रिंट मधल्या दारावर लागली आणि त्या वर्षीपासून दारावरची जागा पण कोणीतरी मागतंच.

नंतर मग लोकांना चटकच लागली. एकानं जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट आणली, 1831 च्या आसपासची, जुन्या भिंतीवर लावून झाल्यावर सांगितलं की यातला गडद निळा म्हणजे प्रशियन ब्लू, युरोपात तयार झालेला रंग, जपानी चित्रकारांच्या हातात तेव्हा नवाच आलेला. दुसऱ्या एका ताईंनी अमृता शेरगिलचं 'ब्रह्मचारी' आणलं, 1937 चं, पॅरिसमध्ये शिकून आलेली मुलगी अजिंठा बघते आणि मग तिचे रंग, माणसांची बसण्याची ढब सगळंच बदलतं, ते पण दारावरच गेलं.

चित्रकार गायतोंड्यांबद्दल मात्र मला जरा लांबवायचंय. बँकेतून रिटायर झालेल्या एक काकू, परिसंवादात कधी तोंड न उघडणाऱ्या, वासुदेव गायतोंड्यांचं एक शीर्षक नसलेलं चित्र घेऊन आल्या. प्रोजेक्टरवर ते काहीच दिसेना, नुसता पिवळसर डाग, मागून कोणीतरी हसलं सुद्धा. काकूंनी प्रोजेक्टर बंद करायला लावला, प्रिंट खिडकीजवळ नेली आणि सगळ्यांना चार-चार जणांच्या गटानं उठून जवळ यायला सांगितलं. मग कळलं की तो एक रंग नाहीच, रोलरनं एकावर एक बसवलेले पातळ थर, काही ठिकाणी ओल्या रंगावर फाटका कागद दाबून रंग उचललेला, त्यामुळे खालचा थर वर येतो. काकू म्हणाल्या, मला यात डोंगर नाही दिसत, समुद्र नाही दिसत, मला विचारू नका काय आहे, मी नोकरीत दिवसभर आकडे बघायचे आणि घरी येऊन हे बघायचे, यात मला कोणी काही विचारत नाही. बास, खाली बसल्या. दहातली सहा मिनिटं पण झाली नव्हती. माझ्या मते आमच्या मंडळात आधुनिक चित्रकलेच्या बाजूनं झालेलं ते सगळ्यात चांगलं भाषण, आणि ते ऐकायचं सोडून नव्या भिंतीचे निम्मे लोक हॉलबाहेर गप्पा मारत होते, हे मी अजून विसरलेली नाही.

तेच पिकासोच्या 'गेर्निका' या चित्राच्या वेळी. शेवटचा नंबर लागला एका तरुण सभासदाचा. त्याचं म्हणणं प्रिंट दाखवून उपयोग नाही, माप दाखवायचं. 1937 च्या एप्रिलमध्ये स्पेनमधल्या गेर्निका गावावर विमानांतून बॉम्ब पडले आणि त्यावर पिकासोनं काढलेलं चित्र साधारण साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब. त्यानं मास्किंग टेपनं नव्या भिंतीवर तेवढी चौकट आखायला घेतली आणि भिंत संपली, चौकट कोपऱ्यातून वळून मागच्या भिंतीवर गेली. आत घोडा कुठे, मेलेलं मूल घेतलेली आई कुठे, वरचा बल्ब कुठे, खडूनं नुसत्या खुणा. असलं सादरीकरण पुन्हा होणार नाही आणि बघायला उरले होतो आम्ही मोजके, बाकीचे आपलं भाषण, आपला फोटो झाला की गेलेले. पण ड्रॉइंगचे सर होते. ते उठले, चौकटीच्या आत जाऊन उभे राहिले, हातातली छोटी प्रिंट डोळ्याजवळ नेऊन खिडकीतून वाकलेल्या बाईवर बोट ठेवलं आणि म्हणाले, अरे, हिच्या हातात पण दिवा आहे की! मग आपलं हळदणकरांचं चित्र स्वतःच उतरवून आणलं आणि त्या खडूच्या खुणेशेजारी धरलं. दोन बायका, दोन दिवे, मधे आठेक वर्षांचं अंतर. एकीचा उजेड अंगभर पसरलेला, दुसरीचा नुसता टोकदार, काळ्या-करड्यात. सर त्या मुलाला विचारत होते आणि तो सांगत होता, कोणी वेळेची घंटा वाजवली नाही. जे गेले त्यांना मी नंतर कितीही सांगितलं तरी ते काय कळणार.

आता ज्यांच्यामुळे हे होतं त्यांचं. नावं छापायची नाहीत असं सगळ्यांनीच बजावलंय म्हणून कामानं सांगते. शिडीवरचे दादा, प्रिंट माउंट करून देणारे काका आणि त्यांच्याकडचे दोघं मुलगे, चित्रांखालच्या चिठ्ठ्या सुंदर अक्षरात लिहिणाऱ्या ताई आणि त्या आजारी असताना रात्रभर बसून चिठ्ठ्या लिहिणारी त्यांची भाची, इझल म्हणजे चित्रांचे स्टँड टेम्पोतून आणणारे भाऊ, घंटा सांभाळणाऱ्या मावशी, माइकवाला, आपली जड जड चित्रांची पुस्तकं स्कॅनसाठी न कुरकुरता देणारे आजोबा, खुर्च्या लावणारी आणि मुख्य म्हणजे परत उचलणारी पोरं, हॉल उशिरापर्यंत उघडा ठेवणारे वॉचमन काका, टेपचे डाग भिंतीवरून काढणाऱ्या दोघी मैत्रिणी. आणि पहिली काही वर्षं स्वतःच्या घरची चादर पडदा म्हणून देणाऱ्या वहिनी, त्यांना तर आता नवे लोक ओळखत पण नाहीत. कोणी राहिलं असेल तर मला लगेच सांगा, मी आत घालते.

पुढच्या वर्षी एका मुलाला डच चित्रकार मोन्द्रियानची तीन झाडं आणायचीत, लाल झाड, 1911 चं करडं झाड आणि 1912 चं फुललेलं सफरचंदाचं झाड, पहिल्यात खोड-फांद्या ओळखू येतात आणि तिसऱ्यापर्यंत नुसत्या वळणदार रेघा. एकच चित्र हा नियम मोडतोय पण यावेळी मीच कमिटीत त्याची बाजू मांडणार आहे, कारण तिन्ही शेजारी लावल्याशिवाय ते दिसणारच नाही. बाकीच्यांनी आपापलं चित्र वेळेत कळवा, मोठी प्रिंट निघून माउंट व्हायला दिवस लागतात, आणि आपलं बोलून झालं की पिशवी उचलून निघायचं नाही, शेवटच्या माणसाचं होईपर्यंत बसायचं.