बेसिनजवळचा नॅपकिन

पाहुणे येणार म्हटलं की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास बदलल्या जातात. दिवाणावरची चादर आणि बेसिनजवळचा नॅपकिन. एरवी त्या नॅपकिनकडे कुणाचं लक्ष नसतं. आणला तेव्हा तो कोणत्या रंगाचा होता, हे घरात कुणालाच छातीठोक सांगता येत नाही. मधोमध हळदीचा पिवळा पट्टा, कडेला पेनाची शाई, आणि खालचा उजवा कोपरा कायम ओला, कारण सगळ्यांचा हात नेमका तिथेच जातो.

घरात कोण कसे हात धुतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. एक जण नळाखाली चार बोटांची टोकं धरतो आणि उरलेली जबाबदारी नॅपकिनवर सोपवतो. वडे खाल्ल्यावरचं तेल, गाडीच्या चेनचं ग्रीस, सगळं धुण्याने नाही, पुसण्याने निघतं. दुसरा कोपरापर्यंत फेस करतो, नखं घासतो, बोटांच्या बेचक्या घासतो आणि शेवटी पहिल्याने जिथे पुसलं तिथेच पुसतो. मला कीव येते ती या दुसऱ्याची.

करोनाच्या काळात वीस सेकंद हात धुवायला आपण सगळेच शिकलो होतो. तो काही उगाच घातलेला नियम नव्हता. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरून राहतं, दुसरं तेलाला. करोनासारख्या विषाणूंना तेलकट आवरण असतं, ते साबणाने फुटतं. बाकीचे जंतू मळाबरोबर सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. या सगळ्याला चोळावं लागतं, वेळ द्यावा लागतो. सॅनिटायझरने भागतं असं म्हणणाऱ्यांसाठी नोरोव्हायरस आहे. उलट्या-जुलाबांचा हा पाहुणा सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, त्याला साबण आणि पाणीच लागतं. पण साबणाच्या जाहिराती नळ बंद झाला की संपतात. पुढे ते गोंडस बाळ हात कशाला पुसतं, हे काही दाखवत नाहीत. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा कितीतरी सहज इकडून तिकडे जातात. म्हणजे हात पुसणं हे धुण्याचंच राहिलेलं काम.

अर्थात, हात धुवा एवढं सांगणंही लोकांना झोंबतं. व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला जायचे. तिथल्याच इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ साली त्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या कक्षात शंभरातल्या अठराच्या आसपास बायका दगावत होत्या. जूनमध्ये हा आकडा दोनाच्या घरात आला. तरी बऱ्याच बड्या डॉक्टरांनी नाकं मुरडली. रोग आपल्याच हातांनी पसरत होता, हे कबूल कोण करणार? बाहेरून आलेल्या काकांना ‘आधी हात धुता का?’ असं विचारून बघा. चेहरा तोच होतो.

नॅपकिनचा थोरला भाऊ स्वयंपाकघरात असतो. ओट्यावरचं फडकं. उतू गेलेलं दूध त्यानेच पुसायचं, गरम पातेलं त्यानेच उतरवायचं आणि धुतलेलं ताटही घाईत त्यानेच कोरडं करायचं. मग चुरगळून नळाच्या मानेवर. ओल आणि अन्नाचे कण एकत्र मिळाल्यावर जंतूंना आणखी काय हवं? माझी मावशी दर रविवारी घरातली झाडून सगळी फडकी धुण्याचा सोडा घालून उकळायची. तो वास घरभर पसरला की आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग फडकी कडक उन्हात. तिने सूक्ष्मजंतू हा शब्द कधी उच्चारला नसेल, पण कुबट वास आला की काहीतरी बिघडलंय, एवढं तिला पुरत असे. त्याच घरात सोवळंही होतं. कुणाचा हात लागला याचा तिथे चोख हिशेब असायचा, तो हात कशाला पुसला होता याची मात्र चौकशी नसायची. जंतूंचं बरोब्बर उलटं.

पावसाळ्यात कोकणात हे सगळं शास्त्र गुंडाळून ठेवावं लागतं. दोरीवरचा नॅपकिन तिसऱ्या दिवशीही दमटच. त्यावर इस्त्री फिरवली तर ‘नॅपकिनला कुणी इस्त्री करतं का?’ म्हणून घरचेच हसतात. हसू देत. प्रत्येकाला वेगळा पंचा, निदान आजारी माणसाला तरी, आणि जमलं तर रोज धुतलेला. याहून मोठा उपाय मला सुचलेला नाही.

बाहेर खायला गेलं की मात्र मजा असते. चकचकीत हॉटेलात कोमट पाण्याची वाटी येते, त्यात लिंबाची फोड. बोटांचा तेलकटपणा जातो, पण साबणाचा पत्ता नाही. साध्या खानावळीत बेसिनशेजारी वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे खिळ्याला टोचलेले असतात. एक तुकडा, एक माणूस, खाली डबा. छपाईची शाई हाताला लागते, म्हणून त्यात भजी बांधू नयेत हे खरं. पण हात पुसता पुसता निम्मं राशिभविष्य वाचून होतं, आणि आपल्या आधी त्या तुकड्याला कुणाचा हात पुसलेला नसतो.