यंत्राला मनातलं कळतं का?

व्याख्यान फोंड्यात असो की डिचोलीत, मेंदूवर बोलले की शेवटी हा प्रश्न येतोच: "त्या मशीनमध्ये झोपवलं की माणसाच्या मनात काय चाललंय ते दिसतं का हो?" मी एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचं काम चालू असताना त्याची चित्रं घेणाऱ्या एमआरआयच्या, प्रतिमांचं विश्लेषण करते, म्हणून तो माझ्यापर्यंत पोचतो. उत्तर आधीच देते. नाही, दिसत नाही. पण जे दिसतं ते इतकं विलक्षण आहे की नुसतं "नाही" सांगून तुम्हाला घरी पाठवणं मला पटत नाही.

दिसतं ते रक्त. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे चुंबकीय गुण बदलतात, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत हा फरक एमआरआयने टिपला आणि १९९२ मध्ये माणसांवरचे असे पहिले प्रयोग प्रसिद्ध झाले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि लागतो त्याहून जास्तच वाढतो. कुळागरात पाटाचं पाणी कुठल्या माडाच्या आळ्याकडे वळलंय ते बांधावरून दिसतं. मुळं त्या पाण्याचं काय करताहेत ते दिसत नाही. आमचं काम त्या बांधावरचं आहे.

शिवाय रक्त सावकाश येतं. मज्जापेशींचा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागांत चालतो. रक्ताचा ओघ शिखराला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तुम्हाला आईची आठवण येऊन, भूक जाणवून, लक्ष पुन्हा मशीनच्या खडखडाटाकडे गेलेलं असतं. आणि आमच्या चित्राचा एकेक ठोकळा दोन-तीन मिलिमीटरचा, म्हणजे त्यात लाखो मज्जापेशी. त्या सगळ्यांची मिळून एकच बेरीज आमच्या हाती येते.

आता ती लाल-पिवळी चित्रं. "प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग उजळतो" अशा मथळ्याखाली ती छापून येतात आणि मला दर वेळी वाईट वाटतं, कारण वाचणाऱ्याला वाटतं की बाकीचा मेंदू तेव्हा काळोखात होता. मेंदू कधीच बंद नसतो. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला हा अवयव स्वस्थ पडल्या पडल्याही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. बोटं हलवली तर संबंधित भागातला सिग्नल जेमतेम १ ते ३ टक्क्यांनी बदलतो. म्हणून आम्ही सांगतो: थोडा वेळ बोटं हलवा, थोडा वेळ थांबा, पुन्हा हलवा. मग हलवतानाच्या प्रतिमांतून थांबतानाच्या वजा करायच्या आणि उरलेला फरक योगायोगाचा नाही ना, ते संख्याशास्त्राने तपासायचं. रंग सगळ्यात शेवटी, तेही आम्ही भरलेले. चेहऱ्यांचे फोटो पाहतानाच्या प्रतिमा कोऱ्या पडद्याशी ताडून पाहिल्या तर एक चित्र मिळतं, घरांच्या फोटोंशी ताडल्या तर दुसरं. मेंदू तोच, प्रश्न बदलला.

तपासणी ढिली राहिली तर काय होतं, हे क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. त्यांनी मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो 'दाखवले'. हजारो ठोकळे एकाच वेळी तपासताना काही फरक निव्वळ योगायोगाने दिसतात. ते गाळायला जी दुरुस्ती करावी लागते ती केली नाही, तर माशाच्या मेंदूतही हालचाल आढळत होती. दुरुस्ती केली की ती नाहीशी झाली. नवी मुलं माझ्याकडे शिकायला येतात तेव्हा सुरुवात मी याच माशापासून करते.

"मुलाचं अभ्यासात लक्ष नाही, एकदा स्कॅन करून घेऊ का?" असं विचारणाऱ्या आयांना मी स्पष्ट सांगते, त्यासाठी करू नका. संशोधनात दिसणारे फरक बहुतेक गटांच्या सरासरीचे असतात. तुमच्या मुलाबद्दल निवाडा त्यातून निघत नाही. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचं, निदान आजही डॉक्टर मुलाशी आणि तुमच्याशी बोलून, त्याचं वागणं समजून घेऊनच करतात.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आपण सगळ्यांनी पाहिलाय. रामचंद्र पांडुरंग कामतांनी घडवलेला, १९४५ मध्ये उभारलेला. हात पसरलेले फारिया आणि त्यांच्यापुढे पडलेली बाई पाहून वाटतं, सगळी शक्ती त्या हातांत आहे. फारियांचं म्हणणं नेमकं उलट होतं. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेल्या या गोंयकाराने १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग लोकांसमोर केले. समोरच्याच्या अंगात चुंबकीय प्रवाह सोडून त्याला निजवलं जातं, असा तेव्हाचा समज. फारिया म्हणाले, प्रवाह वगैरे काही नाही. जे घडतं ते निजणाऱ्याच्या मनात, सूचनेमुळे घडतं. १९९७ मध्ये पिएर रँविल आणि सहकाऱ्यांनी संमोहित माणसांचे हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, वेदना कमी किंवा जास्त त्रासदायक वाटेल अशा सूचना दिल्या. सूचनेप्रमाणे मेंदूच्या एका ठरावीक भागातली, अग्र सिंग्युलेट कॉर्टेक्समधली हालचाल पेट स्कॅनमध्ये, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या दुसऱ्या एका तपासणीत, बदललेली दिसली. पाणी तेवढंच गरम होतं.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथेच दिसतो. आमच्या मशीनमधला चुंबक कितीही मोठा असला, तरी आत पडलेल्या माणसाच्या साथीशिवाय तो पांगळा आहे. २०२३ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी ऐकलेल्या गोष्टीचा आशय एफएमआरआयवरून शब्दांत मांडून दाखवला. त्यासाठी एकेका माणसाला आधी सुमारे १६ तास मशीनमध्ये गोष्टी ऐकाव्या लागल्या. एकाच्या मेंदूवर शिकलेला संगणक दुसऱ्याच्या मेंदूवर चालेना. आणि माणसाने मनात प्राण्यांची नावं घ्यायला सुरुवात केली की सगळं विस्कटायचं. कायद्यानेही हीच बाजू घेतली, याचं मला मोठं समाधान आहे. २००८ मध्ये पुण्यातल्या एका खून खटल्यात मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार घेतला गेला होता. २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत असं ठरवलं.

पण साथ द्यायची इच्छा आहे आणि शरीर साथ देत नाही, अशी माणसं असतात. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, "टेनिस खेळताय अशी कल्पना करा." निरोगी माणसात दिसते तीच हालचाल तिच्या मेंदूत दिसली. "घरात फिरताय" म्हटल्यावर वेगळी, पुन्हा निरोगी माणसासारखीच. २०१० मध्ये अशाच एका रुग्णाने टेनिस म्हणजे होय, घर म्हणजे नाही, या रीतीने प्रश्नांची उत्तरं दिली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आज्ञा दिल्यावर बाहेरून काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने आज्ञा पाळल्याचं एफएमआरआय किंवा ईईजीमध्ये (मेंदूच्या विद्युतलहरींच्या नोंदीत) आढळलं.

घरातलं माणूस अशा अवस्थेत असलेले नातेवाईक मला विचारतात, "त्यांना ऐकू येत असेल का?" त्यांना मी हे सगळं सांगते, आणि आणखी एक सांगते. स्कॅनमध्ये प्रतिसाद दिसला तर तो आहे. दिसला नाही तर माणूस आत नाही, असं सिद्ध होत नाही. तो त्या वेळी झोपेत असेल, सूचना समजली नसेल, आमचं तंत्र कमी पडलं असेल. तेव्हा खाटेजवळ उभं राहून त्यांच्याविषयी बोलू नका, त्यांच्याशी बोला.