आमची वाटचाल : पारा उडवायचा धंदा

नव्या आरशांवर डाग पाडून ते जुने दिसतील असे करायचे, हा आमचा धंदा. चांगल्या आरशाचा पारा मुद्दाम कशाला उडवायचा, हा प्रश्न पहिली दोन वर्षं आम्हाला रोज ऐकावा लागला. आता लोक फोटो पाठवतात आणि 'डिट्टो असाच डाग हवा' म्हणतात. त्या डागापर्यंत येताना आमचं काय काय गेलं, ते एकदा लिहून काढायचं होतं. आमचे आरसे सडतात, ही दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट बाजारात भरपूर फिरली. आमची बाजू आम्ही कधी सांगितलीच नाही.

मी मूळचा काचकामातला. खिडक्या, शोकेस, टेबलावरची काच, हेच काम. एकदा जुन्या लाकडी सामानाची डागडुजी करणाऱ्या एक ताई दुकानात आल्या. त्यांच्याकडे चार दारांचं एक कपाट होतं, प्रत्येक दारात एक आरसा. तीन जुने, चौथा फुटलेला. मी नवा आरसा मापाने कापला, कड घासली, बसवून दिला. ताई दोन पावलं मागे गेल्या, चारही दारं नीट पाहिली आणि म्हणाल्या, "काम चोख आहे. आता याला म्हातारा करून द्या." मी नाही म्हणालो. त्यांनी पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला, उरलेल्या तिन्ही आरशांवर लावला आणि एकेक डाग पेन्सिलीने गिरवून माझ्या हातात दिला. "घाई नाही," म्हणाल्या.

तो कागद मी घरी नेला. आमचा धंदा सुरू झाला तो त्या कागदावर आणि आमच्या गच्चीवर.

आरशाच्या मागे आधी रंग असतो, त्याखाली बऱ्याच आरशांत तांब्याचा पातळ थर आणि मग काचेला चिकटलेली चांदी. आपण पारा म्हणतो खरं, पण आजच्या आरशात पारा नसतो. कथिलाच्या पत्र्यावर पारा ओतून त्यावर काच सरकवायची जुनी पद्धत होती, ती कारागिरांना विषबाधा करून गेली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1835 मध्ये काचेवर चांदी बसवायची रीत दाखवली आणि पुढे पारा मागे पडला, शब्द तेवढा राहिला. ही चांदी किती असते? एका चौरस मीटरला साधारण एक ग्रॅम. मला हे ठाऊक नव्हतं. मी पेंट रिमूव्हर फासला, रंग फुगून सुरकुतला आणि मी तो लोखंडी पात्याने खरवडला. चांदी रंगाबरोबर निघून आली आणि हातात साधी काच राहिली. असे सहा आरसे गेले. सातव्याला प्लॅस्टिकची पट्टी घेतली, रिमूव्हरवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला म्हणजे तो वाळत नाही, आणि रंग आपणहून सुटेपर्यंत हात लावला नाही. हात न लावणं हेच या कामातलं निम्मं कौशल्य आहे.

मग ब्लीच. पाण्यात पातळ केलेलं, फडक्याने टिपत टिपत. चांदी आधी पिवळसर होते, मग तपकिरी, मग धुरकट, आणि जिथे थांबायचं तिथे भरपूर पाण्याने धुवायचं. कागद शेजारी ठेवून मी अकरा दिवस त्या एका आरशावर काम केलं. मागून काळा रंग मारला, दारात बसवला. ताईंनी चारही दारं बंद केली, उघडली, पुन्हा बंद केली. काही बोलल्या नाहीत. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख घातली आणि दुसऱ्याच आठवड्यात आणखी दोन चौकटी घेऊन आल्या.

इथे एक सांगून ठेवतो, कोणी विचारलेलं नसलं तरी. ब्लीच आणि ॲसिड एका खोलीत नको. एकाच दिवशीही नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसात जातो. ब्लीच आणि अमोनियाही एकत्र नको, त्यातूनही विषारी वायू सुटतो. हातमोजे, चष्मा आणि उघडी गच्ची, एवढं नसेल तर ब्लीचची बाटली उघडूच नका. आणि सिल्व्हर नायट्रेट आणून घरी चांदी चढवायच्या फंदात पडू नका. त्यासाठी करतात ते अमोनियाचं द्रावण उरलं आणि तसंच ठेवून दिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. पुस्तकात हे एका ओळीत असतं, म्हणून लोक ती ओळ वाचत नाहीत.

काम वाढलं तसा एक भागीदार घेतला. गाड्यांना रंग मारणारा माणूस, माझा जुना मित्र. त्याचं नाव इथे घेणार नाही. त्याचा हात मात्र मी आजही मान्य करतो. स्प्रेचा एवढा पातळ हात मारणारा मी दुसरा पाहिला नाही. साध्या काचेपासून जुना आरसा करायची रीत त्याने आणली आणि घरगुती कामाला तीच बरी. काच आधी अशी पुसायची की एक बोट उमटता कामा नये, कारण इथे आधी पडलेलं पुढून आधी दिसतं आणि बोटाचा ठसा कायमचा आत राहतो. मग पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मंनिम्म घेऊन काचेच्या मागच्या बाजूला शिंतडायचं. थेंब ओले असतानाच वरून आरशासारखी चमक देणारा स्प्रे, अगदी हलका. मिनिटभर थांबून टिश्यूने टिपलं की थेंबाखालचा रंग उचलला जातो. पुन्हा शिंतडा, पुन्हा स्प्रे. असे चार-पाच हात. मागून पाहिलं तर ते करडं आणि मेलेलं दिसतं. नवखा माणूस तिथेच घाबरून जाड थर मारतो आणि काम घालवतो. काच उलटून पुढून बघा. शेवटी मागे काळा रंग, तो उडालेल्या जागांमधून डोकावतो.

या रीतीत आमचं सगळ्यात मोलाचं हत्यार म्हणजे नोझल बिघडलेली एक पाण्याची बाटली. नव्या बाटलीतून सगळे थेंब सारखे पडतात आणि काचेवर घामोळं आल्यासारखं दिसतं. आमच्या या बाटलीचं तोंड एका बाजूने चिरलंय. ती एक मोठा थेंब टाकते, मग तीन बारीक, मग नुसती वाफ. जुन्या आरशावर ओल अशीच चढते. बाटलीला लाल टेप लावून ती वेगळ्या खणात ठेवलेली असते आणि नवीन मुलांना पहिले सहा महिने तिला हात लावायची परवानगी नाही. मी दुसरं नोझल गरम सुईने चिरून पाहिलं, तसं झालं नाही.

मग आलं ते मोठं काम. एका मोठ्या सभागृहाची भिंत, 64 चौकोनी आरसे, आठ गुणिले आठ. खरे आरसे सोलून, डाग पाडून, मागे रंग देऊन. लहान तुकडे असावेत हा आग्रह आमचाच होता. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात 357 आरसे आहेत, 17 कमानींत प्रत्येकी 21. त्या काळी मोठी काच बनवणं अवघड होतं, म्हणून तुकडे. जुनेपणा हवा असेल तर सांधा दिसू द्यावा, असं मी त्यांना पटवलं. भिंत उभी राहिली तेव्हा मी आणि भागीदार रात्री उशिरापर्यंत तिथे नुसते उभे होतो. तसं काम मी परत केलेलं नाही.

पाचव्या महिन्यात फोन आला. "तुमचे आरसे काळे पडतायत."

जाऊन पाहिलं तर प्रत्येक आरशावर दोन उभ्या काळ्या रेघा. आम्ही पाडलेले डाग कोपऱ्यांना आणि खालच्या कडेला, आणि या रेघा बरोबर मधोमध, पट्टीने आखल्यासारख्या. ठेकेदाराने उरलेले पैसे अडवले. भागीदार म्हणाला, ब्लीच नीट धुतलं गेलं नाही, म्हणजे चूक माझी. मी म्हणालो, रंग तू मारलास. दोघांचेही आवाज चढले. रात्री मी जुन्या वह्या काढून प्रत्येक आरसा किती वेळ धुतला होता ते शोधत बसलो.

खरं कारण ताईंना सापडलं. त्या सहज बघायला म्हणून आल्या होत्या. फिटरची पिशवी तिथेच पडली होती, त्यात सिलिकॉनची अर्धी वापरलेली नळी. ताईंनी टोपण काढून वास घेतला आणि नळी माझ्या नाकाजवळ धरली. व्हिनेगर! आरसा भिंतीला चिकटवताना साधं सिलिकॉन वापरलं होतं, जे वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. आरसा भिंतीला घट्ट टेकलेला, वाफेला बाहेर जायला वाट नाही. ती रंगातून थेट चांदीवर गेली. एक आरसा उतरवला, तर मागे सिलिकॉनचे दोन उभे पट्टे आणि पुढे त्याच जागी दोन रेघा. ज्या व्हिनेगरने आम्ही काच म्हातारी करतो, तेच मागे बसून काम करत होतं.

फिटर आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता. न्यूट्रल सिलिकॉन, म्हणजे वाळताना ॲसिड न सोडणारं, वापरा हे मी तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. आणि कारखान्याचा रंग काढल्यावर मागे काळ्या रंगाचा एकच हात होता, तो कमी पडला. एवढा वाटा आमचा, आणि तो मी तेव्हाही कबूल केला. पण सगळे 64 आरसे आम्ही आमच्या खर्चाने नव्याने करून दिले. त्यासाठी कडा घासायचं मशीन विकलं, तीन महिने रात्री काम केलं, दोन मुलांना पगार उशिरा दिला. त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही आणि आजही ती दोघं माझ्याकडेच आहेत.

भागीदार त्याच काळात वेगळा झाला. जाताना आमचा नमुन्यांचा बोर्ड घेऊन गेला, 24 शेड, प्रत्येकामागे माझ्या हाताने लिहिलेलं प्रमाण. महिन्याभरात त्याचं स्वतःचं दुकान उघडलं आणि आमच्या भिंतीचा फोटो त्याच्या माहितीपत्रकावर आला. रेघा यायच्या आधीचा फोटो. आणि गिऱ्हाइकांना सांगणं काय, तर "त्यांचे आरसे सडतात". त्याला कारण माहीत होतं. सिलिकॉनची नळी त्याने माझ्या शेजारी उभं राहून हुंगली होती. धंद्यात माणसं वेगळी होतात, त्याचं मला काही वाटत नाही. हे मात्र अजून गेलेलं नाही.

पुढे त्याने हाताचं काम सोडलं आणि काचेमागे छापील फिल्म लावायला लागला. काम झटपट होतं, स्वस्त पडतं. त्याच्या एका भिंतीसमोर मी पट्टी घेऊन उभा राहिलो होतो. तोच घोड्याच्या नालेसारखा डाग दर सव्वा मीटरवर. त्याच्यासारख्या हाताच्या माणसाने हे करावं याचं मला वाईट वाटलं, रागापेक्षा जास्त. आरसा झिजतो तो ओल बसते तिथून, म्हणजे खालची कड, कोपरे, खिळ्याभोवती. मध्यभाग शेवटी जातो. डाग सगळीकडे सारखे विखुरले की डोळ्याला लगेच कळतं, कारण सांगता आलं नाही तरी कळतं.

त्यानंतरची नऊ वर्षं काम नीट चाललं.

आता आमच्याकडे मागे रंगाचे दोन हात असतात, पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. चारही कडा सील केल्याशिवाय आरसा बाहेर जात नाही. न्यूट्रल सिलिकॉनच्या नळ्या आम्हीच आरशांबरोबर देतो, आणि मागे हवेला वाट ठेवायची हे कागदावर लिहून त्यावर फिटरची सही घेतो. काच पुसायला अमोनियावाला स्प्रे नको, ओलं फडकं आणि लगेच कोरडं फडकं, तेही कडेला पाणी न मुरवता. टफन काच (तापवून मजबूत केलेली) हवी असेल तर आधी कापून, भोकं पाडून टफन करून आणा आणि मग आमच्याकडे या. नंतर ती कापता येत नाही, आणि हे दर महिन्याला कोणाला तरी सांगावं लागतं. घरात खरोखर जुना आरसा असेल आणि खालच्या कडेला चंदेरी बारीक थेंब दिसत असतील तर तो खरवडू नका. तो खराखुरा पारा आहे. त्या आरशाला आहे तसा राहू द्या.

मागच्या महिन्यात ताईंनी ते चार दारांचं कपाट परत आणलं, एक बिजागरी बदलायला. ट्रेसिंग पेपरही होता, घडीवर पिवळा पडलेला, आमच्या चौथ्या आरशाचे डाग त्यांनी बसवल्यानंतर त्यावर गिरवून ठेवले होते, ते मला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघांनी तो आरशावर धरला. सगळे डाग रेघेला रेघ जुळले. फक्त डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात एक डाग रेघेबाहेर गेला होता, केसभर. त्या काळात मी कडा सील करत नव्हतो. ताई म्हणाल्या, "राहू दे, दिसत नाही." मी दार उतरवून घेतलं. ते सध्या टेबलावर आहे, कडेचा दुसरा हात वाळतोय.